आपलं बकल दुसऱ्याने बघायचं

४ मार्च, सोमवार

कंपनीने सगळ्यांना एकेक डायरी वाटली. पुठ्ठ्यावर छापलंय, ‘सुरक्षा आपल्या हाती’. साहेब म्हणाले, कामावर काही धोक्याचं घडलं की यात लिहीत जा. म्हटलं, साहेब, खरंच धोक्याचं घडलं तर लिहायला उरणार कोण? सगळे हसले, साहेब सोडून.

पैलवानाने त्याची डायरी डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली सारली. खुर्ची सुरक्षित झाली. मी मात्र लिहायचं ठरवलं. सातवीत मी शाळा सोडली की शाळेने मला सोडलं, यावर घरी अजून एकमत नाही. पण निघताना आत्या म्हणाली होती, “अक्षरांना गंज चढतो रे. रोज चार ओळी लिहीत जा.” या झाल्या चार.

आमचं काम उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचं. गच्चीवरून लोखंडी पाळणा सोडतात, त्यात दोन माणसं, दोन बादल्या, आणि खाली रस्त्यावर मुंग्यांएवढी शहाणी माणसं. पाळण्यात माझा जोडीदार दादा. पन्नाशीचा, कमी बोलणारा, बेसूर गुणगुणणारा. इथे आलो त्या दिवसापासून त्याच्याबरोबर लटकतोय.

दादाने पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला. कमरेच्या पट्ट्याचं बकल लावायचं आपण, पण बघायचं दुसऱ्याने. म्हटलं, मला डोळे नाहीत का? म्हणाला, “आपलं बकल आपल्याला नेहमी लागलेलंच दिसतं.” तेव्हापासून मी त्याचं ओढून बघतो, तो माझं. त्याशिवाय कुणी पाळण्यात पाय ठेवत नाही. मुकादमाने फर्मावलं तरी नाही.

दादाचं एक मात्र मला कळत नाही. काचा पुसणाऱ्या माणसाचे केस एवढे चापूनचोपून कशाला? दर आठवड्याला कटिंग. आज विचारलं, सलूनवाल्याकडे वशिला आहे का काय? म्हणाला, “आहे थोडा.”

७ मार्च, गुरुवार

आज वारा फार, पाळणा बंद. मुकादमाने तळमजल्याची कामं दिली. ही इमारत सरकारी. चौथ्या मजल्यावर लग्नं नोंदवायची कचेरी, आणि खाली दाराशी काचेच्या कपाटात त्यांच्या नोटिसा. मी काच पुसतापुसता एकेक अक्षर लावून वाचत होतो, कारण वाचलं तरच डाग नीट दिसतात.

वाचतावाचता एका नोटिशीवर दादाचा फोटो. भांग पाडलेला, डोळे फोटोवाल्याला घाबरलेले. मला वाटलं, सरकारने माणूस हवा आहे म्हणून लावला. चोरी केली का काय म्हाताऱ्याने! मग खालचं वाचलं. शेजारी दुसऱ्या माणसाचा फोटो. धंदा : केशकर्तनालय. हे दोघे लग्न करू इच्छितात, कुणाची हरकत असल्यास महिन्याच्या आत कळवावी.

मी ती काच अर्धा तास पुसली. मुकादम म्हणाला, “अरे, आता भोक पडेल.”

वशिला आहे थोडा म्हणे. थोडा!

८ मार्च, शुक्रवार

कायदा असा आहे, हे आज जेवणाच्या सुट्टीत टीव्हीवरून कळलं. मागच्या वर्षी इथल्या कोर्टाने सांगितलं की पुरुषाने पुरुषाशी, बाईने बाईशी लग्न केलं तरी नोंदवून घ्या. सरकारने नाक मुरडत कायदा केला. मग निवडणूक झाली आणि नाक मुरडणारेच निवडून आले. आता पंचवीस तारखेला, सोमवारी, त्यांच्या विधिमंडळाची सभा भरणार आणि पहिलं काम हा कायदा रद्द. त्याआधी ज्यांच्या सह्या झाल्या त्यांचं लग्न राहील. बाकीच्यांनी घरी जावं.

टीव्हीवर त्यांचा पुढारी ‘कुटुंब वाचवा’ म्हणून हात वर करत होता. मागे त्याची तिसरी बायको टाळ्या वाजवत होती. मुकादम म्हणाला, “बरोबर आहे. त्याने तीन वाचवली, अनुभव दांडगा.”

मग जगाचा नकाशा दाखवला. एका देशात लग्नाला मान्यता, शेजारच्या देशात त्याच गोष्टीला तुरुंग, पलीकडे फाशीसुद्धा. मधे नुसती एक रेघ. म्हटलं, म्हणजे रेघेवर घर असलं तर? स्वयंपाकघरात नवराबायको आणि न्हाणीघरात गुन्हेगार?

कुणी हसलं नाही. तेव्हा लक्षात आलं, सगळे दादाकडे बघताहेत. नोटीस मी एकट्यानेच वाचली नव्हती. दादाने डबा बंद केला, रुमालाची चौघडी केली आणि म्हणाला, “हो. मीच तो.”

पैलवान त्याचा सगळ्यात जुना दोस्त. दोघे एकाच वर्षी कामाला लागलेले. तो उठला आणि म्हणाला, “मला साक्षीला येशील का विचारत होतास, ते हेच का?”

“हेच.”

“लाज नाही वाटली?”

“विचारायला वाटली थोडी,” दादा म्हणाला.

पैलवान निघून गेला. जाताना खुर्चीला धक्का लागला आणि ती परत डुगडुगायला लागली.

९ मार्च, शनिवार

सकाळी गच्चीवर तमाशा. माझी आज दुसऱ्या बाजूला नेमणूक, दादाबरोबर पैलवान. पैलवान म्हणे, मी याच्या पट्ट्याला हात लावणार नाही. दुसरा पुढे आला नाही, तिसऱ्याला अचानक बूट बांधायचा होता. दादा पट्टा लावून नुसता उभा. बकल कुणी बघितलं नाही तर खाली उतरता येत नाही, खाली उतरलं नाही तर रोज बुडतो, आणि असं आठवडाभर झालं की माणूस आपसूक निघून जातो. कुणी कुणाला काढलं असं म्हणायलाही नको.

मला काही समाजसेवा करायची नव्हती. पण बादलीतलं पाणी गार होत होतं. गेलो, बकल ओढून बघितलं आणि म्हटलं, घट्ट आहे, चला. मुकादम म्हणाला, “माकडा, आजपासून तूच याच्याबरोबर.” म्हटलं, आधी पण मीच होतो, यात नवीन काय?

खाली उतरताना दादाने चौदाव्या मजल्यापर्यंत काचा पुसल्या. मग म्हणाला, “तुला घाण नाही वाटत?”

म्हटलं, “कशाची? तुमच्या गाण्याची वाटते.”

१० मार्च, रविवार

घरी फोन केला. घरी म्हणजे आत्या आणि मावशी. मला दोघींनीच वाढवलं. आईची बहीण ती मावशी, असं शाळेत शिकवलं होतं. ही आईची बहीण नाही, आत्याची नाही, कुणाचीच नाही, तरी मावशी. मी पाळण्यात होतो तेव्हा एक ट्रंक घेऊन आली आणि राहिली. दोघींची दोन शिवणयंत्रं समोरासमोर. दिवसभर खडखडाट, मधेच एकमेकींना शिव्या.

नेहमीप्रमाणे खाटेवरून भांडलो. घरात दोघींत खाट एक. तीही अरुंद. दर वेळी सांगतो, पाठ दुखते म्हणता ना, मग दुसरी खाट घ्या. मागे त्यासाठी म्हणून पाठवलं त्याचा यांनी पंखा घेतला, त्याच्या आधी कपाट. मावशी म्हणाली, “दुसरी ठेवायची कुठे? जागा नाही.” कपाटाला बरी जागा झाली! कंजूषपणाला काही हद्द?

मग गंमत म्हणून दादाचं सांगितलं. वाटलं, दोघी पोट धरून हसतील. म्हटलं, फोन कट झाला का?

“नाही,” आत्या म्हणाली. “मग? नोटीस लावली, पुढे?”

“पुढे काय? महिनाभर लटकणार, मग दोन साक्षीदार आणि सही.”

“वयाची काही अट?”

“दादा पन्नाशीचा आहे. त्याहून म्हातारं कोण कशाला लग्न करेल?”

“तेही खरंच,” आत्या म्हणाली. मागून मावशीने विचारलं, “आणि बाहेरगावच्यांना चालतं का विचार.” म्हटलं, तुम्हाला कशाला? इथे येऊन सलून टाकता का? फोन ठेवला तरी माझं हसू थांबेना.

१४ मार्च, गुरुवार

केस वाढले होते. दादा म्हणाला, “चल, तुला वशिल्याने कापून देतो.”

सलून म्हणजे बोळातली एक खोली. दोन खुर्च्या, मधे फुटका आरसा पट्टीने चिकटवलेला, आणि मागे पडदा, पडद्यामागे यांचा संसार. सलूनवाला गोलमटोल, तोंडाचा पट्टा अखंड चालू. माझं डोकं हातात येताच म्हणाला, “हे कुणी कापले होते? उंदराने?” बारा वर्षं दोघे एकत्र राहताहेत. मी विचारलं, मग आता लग्नाची घाई कशाला? बारा वर्षं निभावलं ना?

सलूनवाल्याची कात्री थांबली. “मागच्या पावसाळ्यात हा तुमच्या पाळण्यातून घसरला, आठवतं? दवाखान्यात चार दिवस होता. मी दाराबाहेर. मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, मी त्याचा न्हावी.” परत कात्री चालू केली. “त्यांनी सांगितलं, दाढीची गरज पडली तर बोलावू.”

हे त्याने हसत सांगितलं. मीही हसलो. मग डोळ्यात गेलेला केस चोळून काढला. सलूनमधे होतं असं.

तेवढ्यात घरमालकीण आली. ऐंशीची, हातात काठी, तोंडात दात नाहीत पण चावते सगळ्यांना. एक साक्षीदार ती. म्हणाली, “माझ्या तिन्ही सुनांपेक्षा हे दोघे बरे. भांडतात तेव्हा निदान दार लावून घेतात.” मग काठीने माझा गुडघा ढोसला. “दुसरा साक्षीदार हा का? मिशी तर फुटली नाही नीट.”

दादा आरशात माझ्याकडे बघत होता. पैलवानाची जागा रिकामी होती, हे मला तिथे बसल्यावर कळलं. फुकट कटिंग कधी फुकट नसते.

म्हटलं, विचार करून सांगतो.

१९ मार्च, मंगळवार

विचार केला. भीती वाटते, लिहायला काय जातंय.

नोटीस गुरुवारी उतरणार, म्हणजे सहीला एक शुक्रवारच उरला. शनिवार-रविवार कचेरी बंद, सोमवारी कायदा बंद. मुकादमाने बाजूला घेऊन सांगितलं, “इमारत सरकारी, ठेका सरकारी. तू कुठल्या फोटोबिटोत दिसलास तर मी तुला ओळखत नाही.” गावाकडचेही बरेच जण या शहरात आहेत. एकाने बघितलं की संध्याकाळपर्यंत गावात आत्याच्या शिवणाच्या दुकानासमोर चर्चा. तिथे लोकांना विषय लागतो. बायका आधीच विचारतात म्हणे, तुमचा पोरगा लग्नाचं नाव का काढत नाही?

आज दादाने काही विचारलं नाही. बकल बघितलं, दोनदा ओढलं. विचारलं असतं तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं. हा लबाडपणा आहे त्याचा.

सहाव्या मजल्यावर आलो तेव्हा मीच बोललो. “सही करतो. पण माझं अक्षर फार वाईट आहे, नंतर तक्रार नको.”

दादा काच पुसत राहिला. तीच काच. म्हटलं, भोक पडेल.

२२ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते साहेबांच्या भाषेत धोक्याचं. म्हणून सविस्तर लिहितो.

सकाळपासून इमारतीच्या दाराशी ‘कुटुंब वाचवा’वाल्यांची गर्दी. पायऱ्यांवर बसकण मारलेली, मागच्या दारावरही माणसं. कपाटातल्या नोटिसांचे फोटो त्यांनी मोबाइलमधे काढून ठेवलेले, त्यामुळे चेहरे पाठ. दादा आणि सलूनवाला आले तसे ढकलून परत पाठवले. सलूनवाल्याचा नवा शर्ट बाहीत फाटला. पोलीस होते, पण त्यांचं लक्ष आभाळाकडे. घरमालकीण मात्र काठी टेकत गर्दीतून सरळ आत गेली. कुणीतरी विचारलं, आजी, कुठे? म्हणाली, “नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढायला. येतोस का, तुझाही काढू?” लोकांनी वाट दिली.

म्हणजे एक साक्षीदार चौथ्या मजल्यावर, नवरे रस्त्यावर, आणि मी गच्चीवर बादली भरत.

दादाने फोन केला. फक्त म्हणाला, “राहू दे रे. नाही होत. तुला त्रास दिला.”

इतका राग आला! पंधरा दिवस माझी झोप उडवली आणि आता राहू दे? म्हटलं, शेजारच्या बाजाराच्या इमारतीत शिरा, मागचा लोखंडी जिना चढा आणि तिथून आपल्या गच्चीवर या, आपण रोज येतो तसे. गच्ची आपली, पाळणा आपला. गच्चीचं आतलं दार कुलूपबंद आहे, पण चौथ्या मजल्याची एक खिडकी आतून उघडते, घरमालकीण आत आहे, तिला फोन करून उघडायला सांगा.

पलीकडे सलूनवाल्याचा आवाज, “काय म्हणतो?” दादाने सांगितलं असावं. मग सलूनवाल्याची किंकाळी. तो स्टुलावर चढून बल्बसुद्धा बदलत नाही.

मुकादम चहाला गेलेला. त्याला बघून मी म्हटलं नव्हतं की जा, आणि तो जाताना म्हणाला नव्हता की मी येईपर्यंत गच्चीवर काय होतं ते मला माहीत नाही. पण चहा एवढा वेळ कुणी पीत नाही.

दोघे वर आले. सलूनवाला घामाने भिजलेला, खिशात कंगवा, डोळे घट्ट मिटलेले. पाळण्यात दोघांचीच जागा, म्हणून दादा आणि तो पाळण्यात, मी शेजारी दोरीच्या पाटावर. दादाने त्याला माझा जुना पट्टा बांधायला दिला आणि मोटरची कळ तपासायला गेला. मी माझा दोर बांधत होतो. आणि पैलवान पाण्याच्या टाकीशी आमच्याकडे पाठ करून बसलेला, आम्ही अस्तित्वातच नाही असा.

सलूनवाल्याने डोळे मिटूनच बकल लावलं. उलटं.

पैलवानाने मान वळवली. परत फिरवली. परत वळवली. मग उठला, ताडताड आला, ते बकल सोडवलं, सरळ लावलं, ओढलं, परत ओढलं. असं ओढलं की सलूनवाला जमिनीवरून उचलला गेला.

“मी काही लग्नाला आलेलो नाही,” पैलवान त्याच्या तोंडावर ओरडला. “पण बकल उलटं लावून माझ्या गच्चीवरून कुणी खाली जायचं नाही! कळलं?”

सलूनवाल्याने मिटल्या डोळ्यांनी मान हलवली. पैलवान दादाजवळ गेला. दादाचं बकल ओढून बघितलं. मग वर मोटरपाशी जाऊन उभा राहिला, कारण वर एक माणूस लागतोच.

पाळणा निघाला. खालचे घोषणा देत होते, वर कुणीच बघत नव्हतं. काचा पुसणाऱ्यांकडे कोण बघतं? सातव्या मजल्यावर एका साहेबाने आतून बोट दाखवलं, इथे डाग राहिलाय. मी पुसला. सवय.

चौथ्या मजल्यावर घरमालकिणीने काठीने खिडकी उघडून ठेवली होती. नोंदणीच्या बाई चष्म्यावरून बघत उभ्या. बारीक, कडक, ओठ मिटलेले. मला वाटलं, झालं, आता हाकलतात.

“दारातून का नाही आलात?” त्यांनी विचारलं.

“दारात गर्दी आहे, बाई.”

“नोंदवही खोलीबाहेर देता येत नाही. वधूवरांनी माझ्यासमोर हजर राहायला हवं.” जरा थांबल्या. “वर-वरांनी. आत या. पाय पुसून.”

दादा आत उतरला. सलूनवाल्याला आम्ही दोघांनी गादीसारखा खिडकीतून ढकलला. फरशीला पाय लागल्यावर त्याने पहिल्यांदा डोळे उघडले, आणि पहिली गोष्ट काय केली? कंगवा काढून दादाचा भांग पाडला. वाऱ्याने विस्कटला होता.

बाईंनी वाचून दाखवलं. दोघे हो म्हणाले. दादाचा आवाज निघेना, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. दोघांनी सह्या केल्या, घरमालकिणीने केली, मग बाईंनी इकडेतिकडे बघितलं. “दुसरा साक्षीदार?”

“मी,” खिडकीबाहेरून म्हटलं. मी आत गेलो असतो तर पाळणा वाऱ्याने काचेवर आपटला असता. एका हाताने तो धरून ठेवलेला.

“तो बाहेर आहे,” शेजारचा कारकून म्हणाला. “साक्षीदार हजर असावा लागतो.”

“हजर असावा असं लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “उभा असावा असं कुठे लिहिलंय?” वही खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवली, पेन दिलं. मी एक हात आत घालून सही केली. बोटं ओली होती, एक थेंब पडला. बाईंनी तो टिपून घेतला. “पहिल्यांदा साक्षीला?” म्हटलं, पहिल्यांदाच कशावर तरी सही केलीय, बाई.

दोघांना घेऊन वर आलो तेव्हा पैलवान टाकीशी पाठ करून बसलेला. जसा होता तसा. दादा त्याच्याजवळ गेला, शेजारी बसला. मग पैलवान म्हणाला, “मला आधी सांगायला हवं होतंस. बारा वर्षं.” बस एवढंच. मी बादल्या आवरल्या.

२३ मार्च, शनिवार

समोरच्या इमारतीतून कुणीतरी फोटो काढला. आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे. पाळण्यात दादा, मिटल्या डोळ्यांचा सलूनवाला, आणि शेजारी मी, जीभ बाहेर काढलेला. जोर लावताना निघते.

मुकादम म्हणाला, “मी तुला ओळखत नाही.” मग म्हणाला, “जीभ तरी आत ठेवायचीस.” सोमवारपासून आम्हाला दुसऱ्या इमारतीवर टाकलंय. दूर आहे, पण काढलं नाही.

२४ मार्च, रविवार

फोन करायची छाती होईना. शेवटी आत्याचाच आला. गावात फोटो पोचला होता. मी शिव्यांची तयारी ठेवली.

“जीभ कशाला बाहेर काढलीस?” आत्या म्हणाली. बस. बाकी काही नाही. मग हळूच विचारलं, “त्या वहीत नावं कशी लिहितात रे? एकाखाली एक, की एकाच ओळीत?”

“एकाच ओळीत. मधे ‘आणि’.”

“आणि,” आत्या म्हणाली. मग मावशीला सांगितलं, “एकाच ओळीत. मधे आणि.” मावशीने फोन घेतला. नाक ओढत होती. म्हटलं, सर्दी झाली का? म्हणाली, “हो रे. पंख्याने.” सांगितलं होतं, पंख्यापेक्षा खाट घ्या म्हणून.

२५ मार्च, सोमवार

कायदा रद्द. टीव्हीवर टाळ्या, तिसरी बायको. पुढे कोर्टात भांडणार म्हणतात.

आत्याचा फोन परत. सोमवारी कधी करत नाही.

“म्हणजे आता बंद?”

“बंद.”

“परत उघडेल?”

“पाच वर्षं, दहा वर्षं. काय सांगावं.”

“तोवर आम्ही कुठल्या,” आत्या म्हणाली.

“तुम्हाला काय करायचंय?”

“काही नाही रे. बातमी पुरी ऐकायला मिळाली असती, एवढंच.”

३१ मार्च, रविवार

आज सुट्टी, पण लिहायचं काल सकाळचं आहे. नव्या इमारतीची गच्ची, दादा पट्टा बांधून उभा, मी त्याचं बकल ओढून बघत होतो. आणि मला घर आठवलं. आत्या दुकानातून बाहेर पडायची तेव्हा दारात थांबायची, आणि मावशी मागून तिच्या ब्लाउजचं पाठीवरचं हूक बघायची. मग मावशी पाठ फिरवायची आणि आत्या तिचं बघायची. रोज. आपलं आपण कधीच नाही. मी वैतागायचो, चला ना लवकर.

हात बकलावर तसाच राहिला. दादाने विचारलं, “काय रे? सैल आहे?”

म्हटलं, नाही. घट्ट आहे. मला जरा बसू द्या.

आज घरच्या गावातल्या फर्निचरवाल्याला फोन लावला. म्हणाला, मोठी घेण्यापेक्षा दोन छोट्या स्वस्त पडतील, शिवाय म्हाताऱ्या माणसांना सुटसुटीत.

म्हटलं, नको. एकच द्या. रुंद.